सुहासला पत्र: खोट्या ठाण्यातली भरती

ऐरोली, नवी मुंबई

प्रिय सुहास,

तुझ्या कॉमिकची चोवीस पानांची संहिता आणि पेन्सिलीतली पानं नीट वाचली. पाच महानायक यंत्राने रचलेल्या खोट्या ठाणे शहरात अडकलेत आणि त्यांना त्याचा पत्ताच नाही, ही कल्पना मला मनापासून आवडली. म्हणूनच स्पष्ट लिहितोय. पान ३ वरची निवेदनाची पट्टी आधी काढून टाक. ‘हे शहर खरं नव्हतं’ असं तूच सांगून टाकलंस, तर पुढची एकवीस पानं वाचकाने शोधायचं काय?

हवेत तरंगणारे हिरवे आकडे आणि चिरफळ्या उडणाऱ्या इमारतीही नकोत. त्या कुठल्याही शहरात खपतात. तुझी नायिका ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली आहे, तिला यंत्राची चोरी पाण्यावरून कळली पाहिजे. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, कारण पृथ्वीची स्वतःभोवती एक फेरी पुरी होईतो चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो. आपल्या किनाऱ्यावरचा हिशेब तुला ठाऊक आहेच: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, द्वादशीला नऊ. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. खाडीत आत पाणी जरा उशिरा चढतं, पण तो फरक दोन्ही दिवशी सारखाच.

आता यंत्राने एकाच दिवसाची खाडी उतरवून घेतली आहे असं धर. दिनदर्शिका पुढे जाते, पाणी जात नाही. पान ४ वर चतुर्थी, दुपारचे तीन, ऐरोली पुलावरून दिसणारी तुडुंब खाडी, खारफुटीच्या फांद्यांपर्यंत पाणी. पुढे द्वादशी, पुन्हा दुपारचे तीन. खरं तर तेव्हा चिखल उघडा पडून त्यावर रोहित (फ्लेमिंगो) चरत असायला हवेत. तू मात्र तीच तुडुंब खाडी काढ, तेवढ्याच मापाच्या पॅनेलमध्ये, पानावर त्याच जागी. नायिका काही बोलणार नाही, नुसती भिंतीवरच्या तिथीकडे बघेल. या दोन तिथी मुद्दाम निवडल्यात. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, चढ-उतार कमी, त्यामुळे चित्रात फरक ठसणार नाही.

दुसरं पॅनेल तू पान ९ वर ठेवलंयस, ते १० वर ने. विषम पान उजवीकडे येतं. वाचक आठवं वाचत असतानाच त्याची नजर नवव्यावर जाते. सम पान उलटल्याशिवाय दिसत नाही. खाडीचं दोन पानी मोठं चित्र मात्र १२-१३ वरच हवं. सेंटर पिनच्या, म्हणजे मधोमध पिना मारलेल्या चोवीस पानी अंकात तेवढीच जोडी एका सलग कागदावर छापली जाते. बाकी ठिकाणी दोन अर्धे वेगवेगळ्या कागदांवर जातात आणि मधली रेघ हमखास सरकते.

पान ११ वर धो धो पावसात रोहितांचा थवा आहे. पावसाळ्यात बहुतेक रोहित निघून गेलेले असतात. ती यंत्राची दुसरी चूक म्हणून ठेवणार असशील तर उत्तमच, पण मग कुणीतरी ती हेरू दे.

खोट्या जगाला तीन बाय तीनची काटेकोर जाळी दे, पट्टीने आखलेली. खरं जग आलं की कडा हाताने ओढ, मापं विषम ठेव. फक्त रंग बदलून भागणार नाही, छपाईत रंग थोडे फिरतातच.

अक्षरांवर सगळ्यात जास्त वेळ घाल. इलस्ट्रेटरमध्ये भारतीय लिप्या जुळवणारा ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ कंपोजर चालू नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे उडी मारते आणि जोडाक्षरं हलन्तासकट फुटतात. फॉन्ट निवडताना ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ टाइप करून बघ. ऱ्य मोडत असेल तर तो फॉन्ट सोड. नऊ पॉइंटच्या अक्षराला ओळींत तेरा पॉइंट अंतर दे, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. संवादाच्या एका फुग्यात वीस शब्द पुष्कळ झाले.

ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, सगळीकडे शून्य, कारण ते थोडं वाढवलं तरी शिरोरेषेला फटी पडतात. पण यंत्राच्या आवाजाला मुद्दाम तीस-चाळीस दे! प्रत्येक अक्षर सुटं पडेल आणि हा आवाज माणसाचा नाही हे वाचकाला न सांगता कळेल. हा खेळ शिरोरेषेच्या लिपीतच जमतो, तो सोडू नकोस.

छपाईचं थोडक्यात: कापून ६.६२५ बाय १०.२५ इंच, चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापरेषेबाहेरचं जादा चित्र), फुगे कडेपासून किमान १० मिमी आत. रंगीत चित्र ३०० डीपीआय, अक्षरं व्हेक्टरच. अक्षरांचा काळा फक्त के १००, म्हणजे नुसती काळी शाई. चार रंगांतून काळा केलास आणि रजिस्ट्रेशन (रंगांची एकमेकांवरची जुळणी) जरा हललं की अक्षरांना रंगीत सावली येते. रात्रीच्या खाडीसाठी मात्र नुसता के राखाडी दिसेल, तिथे सी (निळा) ६०, एम (किरमिजी) ४०, वाय (पिवळा) ४०, के १०० घे.

कोळी बोलीचे संवाद कोळीवाड्यातल्याच कुणाकडून तरी वाचून घे. पान ४ आणि १० ची पेन्सिल झाली की दोन्ही शेजारी ठेवून फोटो पाठव, शाई चढवायच्या आधी.

तुझा,
अविनाश