मागचं फाटक पत्रा ठोकून बंद केल्याबद्दल

दि. 21 एप्रिल 2025

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: लालबाग प्रकल्प, बी विंग, फ्लॅट 2304. ब्रोशरमध्ये दाखवलेलं पादचारी फाटक उघडून मिळण्याबाबत.

महोदय,

2018 साली मी तुमच्याकडे फ्लॅट बुक केला आणि 2022 च्या दसऱ्याला ताबा मिळाला. लिफ्टचा आणि गळणाऱ्या बाथरूमचा पत्रव्यवहार तुमच्या फायलीत आहेच, तो आज उकरत नाही. हे पत्र फक्त फाटकाबद्दल आहे.

ब्रोशरच्या पान 14 वर मागच्या गल्लीकडे उघडणारं चार फुटी फाटक आहे. त्याभोवती तुमच्या सेल्समनने पेनाने गोल केला होता. ‘मॅडम, इथून बाजार दोन मिनिटांवर,’ असं म्हणाला होता. समुद्राकडची ए विंग सोडून मी बी विंग घेतली ती त्या गोलासाठी. आमची चाळ याच जमिनीवर होती. वडील गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी सहावीत होते. पुढे 1996 मध्ये पागडीची खोली विकून आम्ही डोंबिवलीला गेलो. आईला पुन्हा तिच्या माणसांत आणायचं, एवढ्यासाठी आयुष्यभराची पुंजी तुमच्याकडे दिली.

गेल्या नोव्हेंबरात त्या फाटकावर पत्रा वेल्डिंग करून टाकला. नोटीस नाही, विचारणा नाही. सोसायटी तुम्ही अजून करून दिलेली नाही, त्यामुळे हे दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येणार नाही.

आता बाजारात जायचं म्हणजे गाड्यांच्या रॅम्पच्या कडेने मुख्य गेटपर्यंत चालायचं. तिथे फुटपाथ नाही, कारण चालत येणाऱ्या माणसाचा विचार नकाशात कुणी केलेलाच दिसत नाही. मग उड्डाणपुलाखालचा मोठा रस्ता धरून अख्खा प्लॉट वळसा घालून मागे यायचं. मला पंधरा मिनिटं लागतात. आई 78 वर्षांची आहे. ती जाणं सोडूनच बसली. सात मजली पार्किंगच्या वर पोडियमवर तुम्ही बाग दिली आहे, पण या दिवसांत दुपारी तिथल्या लाद्यांवर चप्पल काढून पाय ठेवून दाखवा. शिवाय आईला बाग नकोच आहे, तिला गल्ली हवी आहे. सध्या मसाल्याचे दिवस आहेत. डंकावर मिरची कुटायला पडली की वारा असेल तर तेविसाव्या मजल्यावरही ठसका लागतो. मग ती खिडकीशी उभी राहून खाली कोण कोण रांगेत आहे ते ओळखायचा प्रयत्न करते.

फाटक बंद करण्याचं कारण तुमच्या ईमेलमध्ये ‘गेटेड कम्युनिटीची सुरक्षितता’ असं दिलंय. सुरक्षितता कुणापासून, ते लिहिलेलं नाही. ते मी लिहिते. फाटकापलीकडे तुमचीच रिहॅब इमारत आहे, आमच्या चाळीतले जुने भाडेकरू तिथे राहतात. हा प्रकल्प मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 33(7) खालचा, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या (उपकरप्राप्त) चाळींचा पुनर्विकास आहे. भाडेकरूंना घरं द्यायची, त्या बदल्यात तुम्हाला प्रोत्साहनपर जास्तीचा एफएसआय, म्हणजे जास्त बांधकामाची मुभा, मिळायची आणि त्यातून विक्रीचे फ्लॅट उभे राहायचे, असा तो हिशोब. ज्यांच्यामुळे माझा तेविसावा मजला उभा राहिला, त्यांच्यापासून मला पत्र्याने वाचवण्याची काहीएक गरज नाही.

चाळीत आमच्या शेजारच्या खोलीत असलेल्या काकू आता तिकडे दुसऱ्या मजल्यावर राहतात. पत्र्याखाली वीतभर फट आहे. मार्चमध्ये होळीला काकूंनी तिथून पुरणपोळीचा डबा सरकवला. आई वाकली, डबा घेतला आणि सरळ होताना तोल जाऊन पत्र्यालाच धरलं. कडेला तळहात कापला, तीन टाके पडले. वॉचमनने तिला मदत केली, हे कबूल करायला हवं; पण आधी ‘आजी, इथे थांबायला परवानगी नाही’ हे म्हणून झालं.

बिल्डर आणि घर घेणारे यांच्यातल्या व्यवहारांसाठीच्या रेरा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे मंजूर नकाशात वा सामायिक जागांत बदल करायचा तर किमान दोन तृतीयांश फ्लॅटधारकांची लेखी संमती आधी घ्यावी लागते. माझी कुणी घेतलेली नाही, आमच्या मजल्यावर कुणाचीच नाही. माहितीपत्रकातल्या चुकीच्या माहितीबद्दल कलम 12 आहे. तेव्हा संमती घेतली असेल तर तिची प्रत आणि मंजूर नकाशाची प्रत मला द्यावी. नसेल तर पत्रा काढून फाटक सकाळी सहा ते रात्री दहा उघडं ठेवावं. वॉचमन हवा तर बसवा. त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये आम्ही भरतोच आहोत. 30 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी महारेराकडे तक्रार दाखल करणार आहे. ब्रोशरचं पान, पत्र्याचे फोटो आणि टाक्यांचं बिल सोबत जोडलं आहे.

तोवर पत्र्याशी उभं राहून काकूंशी बोलणाऱ्या आईला कुणी हटकू नये, एवढं मात्र वॉचमनला आजच सांगा.

आपली,
फ्लॅट 2304 ची मालक