मलिन (mullein) या फुलझाडाच्या बियांच्या पाकिटाबद्दल तक्रार (चौथ्या फोननंतर)

मॅनेजर साहेब,

कस्टमर केअरशी बोलून काही होत नाही म्हणून लिहितेय. ऑर्डर नंबर, पाकिटाचे फोटो सगळं आधीच दिलंय, परत मागू नका.

पाकिटावर छापलंय, बी अर्धा इंच मातीखाली पेरा. पेरलं. महिना गेला, एक कोंब नाही. अहो मलिनचं बी खसखशीपेक्षा बारीक, त्याला रुजायला उजेड लागतो, ते मातीवर नुसतं भुरभुरून बोटाने दाबायचं असतं, हे तुम्हाला मी सांगायचं? पाकिटाच्या कोपऱ्यात चिमूटभर राहिलं होतं ते तसं टाकलं तर बाराव्या दिवशी उगवलं. बी चांगलंच आहे, तुमची छपाई चुकलीय.

आता आजचा फोन. मी म्हटलं, मलिनबद्दल तक्रार आहे. तर पलीकडून, "मॅडम, बी मलिन निघालं का? म्हणजे घाण आहे का?" म्हटलं नाही हो, झाडाचं नावच ते आहे! मग होल्ड, ते ट्यूं ट्यूं म्युझिक, आणि परत येऊन म्हणे "बी जुनं असेल मॅडम, मेलं असेल." मेलं?? अमेरिकेत बील नावाच्या प्रोफेसरांनी १८७९ मध्ये बाटल्यांत भरून पुरलेलं मलिनच्याच जातकुळीतलं बी २०२१ मध्ये उगवलं, आणि तुमचं म्हणे गोदामातच मेलं. बरं, उगवलंय म्हटल्यावर सल्ला काय, "रोज दोनदा पाणी घाला, ९० दिवसांत फूल येईल." वा! पाण्याने मूळ सडणार आणि फूल दुसऱ्या वर्षी येतं, पहिल्या वर्षी नुसती पानं जमिनीलगत पसरतात. हे ९० दिवस पाकिटावरही आहेत बरं का, म्हणजे किती जणांनी चांगली रोपं फूल नाही म्हणून उपटून टाकली असतील देव जाणे.

माझ्या रोपाला आता सहा पानं आहेत, सशाच्या कानासारखी लवदार, हात लावला की सोडवत नाही. ते तुमच्यामुळे नाही, तुम्ही असूनही आलंय.

झेंडूपासून सगळं बी तुमच्याकडूनच घ्यायचे मी, आता विश्वासच उडाला. पाकिटावरचा मजकूर बदला आणि बदलल्याचं लेखी कळवा, नाहीतर पाकीट आणि रोप शेजारी ठेवून फोटो सगळीकडे टाकणार आहे. आणि ते "फ्री रिप्लेसमेंट" पाठवू नका, त्यावरही अर्धा इंचच छापलेलं असणार.