ताम्हिणीतल्या मावशी आणि पॉवरबँकवाले दादा, मनापासून आभार!

पुण्याहून कोलाडला प्रॉपर्टी एजंट मंडळींच्या गेट-टुगेदरला निघालो होतो, ताम्हिणी घाटात रेंज गुल आणि नेमकं तेव्हाच माणगावच्या प्लॉटचं टोकन ठरायचं होतं, घेणाऱ्या पार्टीला सातबाऱ्याची पीडीएफ लगेच हवी. भजीच्या टपरीवरच्या मावशींनी फोन छपराच्या वाशाला टांगलेला, म्हणाल्या इथंच दोन कांड्या येतात, घे हॉटस्पॉट. पीडीएफ गेली! चहाचे पैसेसुद्धा घेईनात ओ. २०१७ला महारेरा (बिल्डर-एजंटांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) आलं, नोंदणी वगैरे आली, पण आमचा धंदा अजून अशा भेटीगाठींवरच चालतो आणि त्यात फोन बंद म्हणजे डील गेलंच. तिथं चार्जिंग संपल्यावर ज्या दादांनी पॉवरबँक हातात दिली आणि नाव न सांगताच निघाले, त्यांचे खूप खूप आभार. पॉवरबँक माझ्याकडेच आहे दादा, मेसेज करा, घरी आणून देतो.