आयुक्त साहेब, आपल्या शहराचा ओपनिंग बॅलन्स कुठंय?

मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका

सप्रेम नमस्कार.

साहेब, मी कोथरूडला राहते, 19 वर्षं झाली अकाउंट्समध्ये नोकरी करतेय. आमच्या कामात नवीन पोरगं आलं की पहिल्याच आठवड्यात त्याला एक गोष्ट सांगतात, गेल्या वर्षीचा क्लोजिंग बॅलन्स, म्हणजे वर्षअखेरीची शिल्लक, तोच या वर्षीचा ओपनिंग बॅलन्स, म्हणजे सुरुवातीची शिल्लक, आणि तो जुळल्याशिवाय नव्या वर्षाचं पान लिहायला घ्यायचं नाही. एक रुपयाचा फरक असला तरी तो शोधायचा. रात्रीचे अकरा वाजले तरी शोधायचा.

आता दर वर्षी महापालिकेचं बजेट येतं तेव्हा मी हेच शोधत बसते आणि मला ते सापडत नाही, म्हणून हे पत्र.

माझ्याकडे एक लाँगबुक आहे, निळ्या पुठ्ठ्याचं. 2017 च्या जूनपासून त्यात लिहितेय. प्रत्येक पानावर तीन रकाने पाडलेत. पहिल्यात बजेटात काय करू म्हणाले ते, दुसऱ्यात त्याला किती पैसे ठेवले आणि कधीपर्यंत म्हणाले, आणि तिसऱ्यात पुढच्या वर्षीच्या बजेटात त्याच कामाबद्दल काय सांगितलं. पहिले दोन रकाने पेपर वाचून भरतात. तिसरा रकाना बराचसा कोराच आहे. चालू कामांचा उल्लेख असतो बजेटमध्ये, फोटोही असतात, मी नाही म्हणत नाही. पण "गेल्या वर्षी आम्ही ही तारीख दिली होती, ती पाळली किंवा नाही पाळली, आणि नाही तर का नाही" असं समोरासमोर मांडलेलं पान मला कधी मिळालं नाही.

2017 पासून का, ते सांगते. त्या वर्षी जूनमध्ये आपल्या महापालिकेने समान पाणीपुरवठा योजनेसाठी, ज्याला सगळे चोवीस तास पाणी म्हणतात, 200 कोटींचे बॉन्ड, म्हणजे कर्जरोखे, काढले. 7.59 टक्के व्याज, 10 वर्षांची मुदत, मुंबई शेअर बाजारात नोंदणी. मला खरंच अभिमान वाटला होता, ऑफिसात सगळ्यांना ती बातमी दाखवत फिरले होते, कारण एखादी महापालिका स्वतःच्या नावावर बाजारातून पैसे उभे करते म्हणजे तिचे हिशोब कोणीतरी तपासून मार्क दिलेत असा त्याचा अर्थ होतो. आणि त्याच दिवशी वाटलं की हे आता आपणही लिहून ठेवू या.

त्या बॉन्डची मुदत 2027 च्या जूनमध्ये संपते. ज्यांनी बॉन्ड घेतले त्यांना पैसे कधी मिळणार ते पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, व्याज किती तेही ठाऊक आहे, तारीख हलत नाही. आणि ज्या पाण्यासाठी ते पैसे काढले ते पाणी कुठल्या पेठेत, कुठल्या उपनगरात, कुठल्या महिन्यापासून चोवीस तास येणार, हे त्याच शहरात टॅक्स भरणाऱ्या माणसाला ठाऊक नाही. सावकाराला तारीख आणि घरच्याला नाही, हे मला पटत नाही साहेब.

योजना वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, उलट ती मला फार हवीशी वाटते. टाक्या बांधल्या गेल्या, पाइपलाइनचं काम झालं, मीटर बसले. पण टाकी बांधून झाली म्हणजे पाणी आलं असं नाही. आमच्याकडे अर्धवट कामाला कॅपिटल वर्क इन प्रोग्रेस म्हणतात आणि ते ताळेबंदात वेगळं दाखवावं लागतं, तयार मालमत्तेत मिसळता येत नाही. टाकी उभी आहे पण तिच्यातून घरात जाणारी लाइन जोडली नाही, किंवा लाइन आहे आणि मीटर आहे पण पाणी ठरलेल्या दोन तासांपुरतंच येतंय, तर ते वर्क इन प्रोग्रेस आहे. "एवढ्या टाक्या पूर्ण, एवढे किलोमीटर पूर्ण, एवढा निधी खर्च" हे वाचून मला समजत नाही की किती घरांत नळ सकाळी सातला पण सुरू आहे आणि दुपारी तीनला पण सुरू आहे. मोजायचं असेल तर ते मोजा ना.

दुसरं पान नदीचं. हे पान मी जास्त वेळा उघडते. मुळा-मुठेचं प्रदूषण थांबवायची योजना, जपान सरकारच्या जायका या संस्थेच्या कर्जातून, जानेवारी 2016 मध्ये करार झाला, 990 कोटींची, 11 सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं, दिवसाला 396 दशलक्ष लिटरची क्षमता, आणि पूर्ण व्हायची मुदत जानेवारी 2022. बरोबर? आता पुढची ओळ बघा, 6 मार्च 2022 ला पंतप्रधान पुण्यात आले, मेट्रोचं उद्घाटन केलं, आणि त्याच दिवशी याच योजनेचं भूमिपूजन केलं, तेव्हा खर्चाचा आकडा 1,470 कोटींच्या वर सांगितला गेला. म्हणजे ज्या कामाची मुदत जानेवारीत संपली त्याचा नारळ मार्चमध्ये फुटला आणि किंमत जवळपास दीडपट झाली. हे दोन्ही आकडे सरकारी आहेत, पण एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहिलेले मला फक्त माझ्या वहीत दिसतात.

उशीर का झाला याला कारणं असतील. जागा ताब्यात येत नाहीत, टेंडरं चढ्या दराने येतात, रद्द होतात, परत काढावी लागतात, कर्ज देणाऱ्यांच्या परवानग्या लागतात. मी मोठ्या कंपन्यांचे प्रोजेक्ट रखडलेले बघितलेत, मला हे समजतं. पण तिथे दर वर्षी कोणालातरी उभं राहून सांगावं लागतं की इतका उशीर, याच्यामुळे, आणि आता नवीन तारीख ही. सांगणाऱ्याला त्रास होतो पण त्यातूनच पुढचं वर्ष सुधारतं. आणि इथे त्याच नदीच्या काठावर 44 किलोमीटरचा नदीकाठ सुधार प्रकल्प सुरू आहे. घाट, बागा, चालायचे रस्ते. भिडे पुलावरून उन्हाळ्यात चालत जाऊन बघा एकदा, गाडीची काच वर करून नाही, चालत. पाणी काळं असतं, कडेला फेस धरलेला असतो आणि वास ओढणीतून पण येतो. काठ आधी की पाणी आधी, हा प्रश्न लोक विचारतात तो काही विरोधासाठी विरोध नाही. दोन्ही कामांची प्रगती एकाच तक्त्यात दाखवली तर निम्मा वाद तिथेच मिटेल.

चांगलं झालं ते पण लिहिते, कारण वहीत तेही आहे. 2016 मध्ये आपल्या महापालिकेने पादचारी धोरण मंजूर केलं, देशात असं करणाऱ्या पहिल्या शहरांपैकी आपण, आणि त्यानंतर जंगली महाराज रोडचे फुटपाथ नव्याने केले. माझी आई 78 वर्षांची आहे, वॉकर घेऊन चालते. तिला मी महिन्यातून एकदा संभाजी बागेजवळ घेऊन जाते, कारण तिथे वॉकरचे चारही पाय एका वेळी सपाट टेकतात, कुठे उचलून ठेवावा लागत नाही, आणि मध्येच बाकडं आहे. मागच्या वेळी ती बाकड्यावर बसून म्हणाली, "इथे मी एकटी पण येऊ शकले असते गं." हे वाक्य मी घरी आल्यावर तिसऱ्या रकान्यात लिहिलं. साहेब, धोरणाचं यश याच्यापेक्षा वेगळं काय असतं?

म्हणूनच विचारावंसं वाटतं की धोरणाला इतकी वर्षं झाली, मग दर वर्षी असे किती किलोमीटर फुटपाथ झाले? 11 डिसेंबरला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रोड गाड्यांना बंद ठेवतात, छानच वाटतं, आम्ही गेलो होतो, आई पण होती. त्या दिवशी तिथे एक मोठा बोर्ड लावा ना, या वर्षी एवढं ठरवलं होतं, एवढं झालं, राहिलेलं या या रस्त्यांवर.

आता पैशाबद्दल. 2022-23 चं बजेट 8,592 कोटी, मग 9,515, मग 11,601, आणि 2025-26 ला 12,618 कोटी. तीन वर्षांत जवळपास निम्म्याने वाढ. 2021 मध्ये 23 गावं आत आली, शहर पसरलं, त्यामुळे आकडा वाढणार हे ठीकच आहे. पण ठेवलेले पैसे आणि खरंच खर्च झालेले पैसे यात जो फरक असतो, आणि वर्षाच्या मध्यात वर्गीकरणं होऊन एका कामाचे पैसे दुसरीकडे जातात, आणि मार्चअखेरीला बिलांची जी गर्दी उडते, ते सगळं धरून शेवटी मूळ उद्दिष्टाच्या वाट्याला काय आलं हे सामान्य माणसाने कुठे बघायचं? 14 मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली, त्यानंतर बजेट मांडायचं पण प्रशासकांनीच आणि मंजूर करायचं पण प्रशासकांनीच, मध्ये उभं राहून "गेल्या वर्षीच्या त्या कामाचं काय झालं" असं विचारणारं सभागृहच नव्हतं. त्या वर्षांचा हिशोब तर नावानिशी, कामानिशी मांडायलाच हवा.

त्या 23 गावांचं मला जास्त लागतं. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रोडच्या बाजूला, नांदेड गाव, किरकटवाडी, त्या सगळ्या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे गियान-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे, पेशंट वाढले, पहिलं बोट गेलं पाण्याकडे, आणि तेव्हा सगळ्या शहराला कळलं की तिथल्या काही भागाला विहिरीचं, क्लोरीन टाकलेलं पण शुद्धीकरण केंद्रातून न आलेलं पाणी जातंय. ही गावं महापालिकेत येऊन तेव्हा साडेतीन वर्षं झाली होती. खडकवासला धरण ज्यांना घराच्या गच्चीवरून दिसतं त्यांच्या नळाला शुद्ध पाणी नाही. समाविष्ट गावांना शुद्ध पाणी कधी, हे उद्दिष्ट दर वर्षीच्या आढाव्यात सगळ्यात वरच्या ओळीत असतं, तर तीन मार्चअखेरी असं उलटून गेल्यावर आपल्याला ते आजारपणातून कळायची वेळ आली नसती, असं मला मनापासून वाटतं.

आढाव्याची सवय महापालिकेला नाही असंही नाही. कायद्याप्रमाणे दर वर्षी 31 जुलैच्या आत पर्यावरण अहवाल द्यायचा असतो आणि तो येतो. भलामोठा येतो. पण त्यात या वर्षीचं चित्र असतं, गेल्या वर्षी काय ठरवलं होतं त्याच्याशी जोड लावून वाचता येत नाही. स्मार्ट सिटीचंही तेच. 25 जून 2016 ला बालेवाडीत केवढा मोठा कार्यक्रम झाला, देशभरातली कामं तिथून सुरू झाली, आणि 31 मार्च 2025 ला मिशन बंद झालं, तर औंध-बाणेर-बालेवाडीच्या आराखड्यात काय काय लिहिलं होतं आणि शेवटी काय हातात आलं याचा क्लोजिंग हिशोब एकदा नीट मराठीत छापा, लोक वाचतील.

माझी मागणी छोटी आहे. पुढचं बजेट मांडाल तेव्हा नवीन घोषणांच्या आधी दोन पानं ठेवा. प्रत्येक मोठ्या कामापुढे मूळ तारीख, मूळ किंमत, आजची तारीख, आजची किंमत, जबाबदार खातं, आणि किती घरांना किंवा किती माणसांना त्याचा उपयोग सुरू झाला तो आकडा. काम रद्द केलं असेल तर रद्द म्हणून लिहा, गुपचूप गाळू नका. आणि तीच दोन पानं सगळ्या क्षेत्रीय कार्यालयांत भिंतीवर लावा, जिथे आपण दर वर्षी नागरिकांकडून बजेटसाठी कामं सुचवायचे फॉर्म घेतो. 2006 पासून आपण ते फॉर्म घेतोय, ही पुण्याची चांगली गोष्ट आहे, पण फॉर्म भरणाऱ्याला गेल्या वर्षीच्या फॉर्मचं काय झालं तेही तिथेच दिसू द्या.

वही मी आपल्या कार्यालयात आणून दाखवायला तयार आहे, रविवार सोडून कधीही बोलवा, अर्धी सुट्टी टाकून येईन. फक्त मार्चचा शेवटचा आठवडा नको, तेव्हा आमच्याकडे बॅलन्स जुळवायचं काम असतं.

आपली,
कोथरूडची एक करदाती