वायोमिंगमधल्या कॅस्पर गावच्या काका-काकूंना, आठ कॅन बर्फाबद्दल

आदरणीय काका आणि काकू,

शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की काका विषय बदलतात आणि काकू ‘जेवलात का?’ विचारतात. म्हणून आम्ही तिघं हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. पुढच्या वर्षी अमेरिकेत वायोमिंगच्या माळावर वाटाड्याशिवाय, स्वतःच्या हिमतीवर प्राँगहॉर्नच्या, म्हणजे तिथल्या हरणासारख्या जनावराच्या शिकारीला जायचं ठरवणारं आणखी कुणी मराठी माणूस हे वाचेल, तर तुम्ही आम्हाला दिलेलं त्यालाही मिळेल.

तुमच्याआधी ज्यांची दारं वाजवली त्यांचाही हिशेब इथेच मांडतो. एकाने खासगी रानात सोडण्याचे आगाऊ पैसे घेतले आणि सप्टेंबर उजाडताच फोन उचलणं बंद केलं. दुसऱ्याने ‘नकाशे विकत मिळतात, बघून घ्या’ म्हणून बोळवण केली. तिसरा तर आपलाच माणूस. ‘आपल्या लोकांना हे जमायचं नाही’ म्हणाला. काका, तुम्ही चाळीस वर्षं त्या माळावर काढलीत आणि एकदाही असं बोलला नाहीत. तुमचा पहिला प्रश्न होता, ‘व्हिसा कुठला?’ एच-वनसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला या देशात बंदूक जवळ बाळगायला कायद्याने बंदी आहे. त्यातून सुटायचं तर मुदतीतला शिकारीचा परवाना हातात हवा. परवाना आधी, बंदुकीला हात नंतर. हे आम्हाला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं.

शिकारीच्या परवान्यांच्या सोडतीचं फार लिहीत नाही. बाहेरच्या राज्यातल्यांचे अर्ज जूनच्या सुरुवातीला बंद होतात. 75 टक्के परवाने आधीच्या वर्षांत साठवलेल्या पॉइंटांवर जातात, 25 टक्के नशिबावर. पण तुमचा सल्ला त्याच्याही आधीचा होता: परवाना सोपा दिसला म्हणून विभाग निवडू नका, जमीन बघून निवडा. काही विभागांत परवाने सहज मिळतात, कारण तिथली जवळजवळ सगळी जनावरं खासगी रानात चरतात. परवाना खिशात आणि पाय ठेवायला जागा नाही, अशी गत होते.

जमीन वाचायची कशी, हे तुम्ही नकाशातल्या रंगांवरून शिकवलंत. पिवळा म्हणजे बीएलएमची, केंद्राच्या जमीन खात्याची जमीन, तिथे तंबू टाकता येतो. निळा राज्याचा, तिथे शिकार चालते, पण मुक्काम आणि चूल नाही. पांढरा खासगी. आणि पांढऱ्याला कुंपण असेलच असं नाही, कुंपण दिसलं म्हणजे हद्द तिथेच असंही नाही. म्हणून फोनमध्ये हद्दींचा नकाशा आधीच उतरवून ठेवायचा, कारण माळावर रेंज नसते. पिवळ्याचे कितीतरी तुकडे चहूबाजूंनी पांढऱ्याने वेढलेले असतात. ‘रस्ता पिवळ्याला टेकतो का ते आधी बघा, हरणं मग मोजा,’ हे तुमचे शब्द.

दक्षिणेला इंटरस्टेट 80 च्या बाजूने युनियन पॅसिफिक रेल्वेच्या काळापासूनचा जमिनीचा बुद्धिबळाचा पट आहे, एक चौरस मैल सरकारी, एक खासगी. तिथे एका सरकारी चौकोनाच्या कोपऱ्यावरून दुसऱ्याच्या कोपऱ्यावर पाऊल टाकण्यावरून मोठा खटला झाला. मार्च 2025 मध्ये दहाव्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाने, सरकारी जमिनीची वाट अडवायला मनाई करणाऱ्या 1885 च्या कायद्याच्या आधारे, खासगी मातीला पाय न लावता कोपरा ओलांडणाऱ्या शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. तरीही पहिल्या वर्षी त्या पटावर जाऊ नका, असं तुम्ही बजावलंत. मलाही ते पटतं. नवख्याचं लक्ष जनावरावर हवं, जीपीएसवरच्या रेघेवर नको.

मग गाडी. डेन्व्हरहून कॅस्पर चार तासांचं, पण खरी परीक्षा डांबर संपल्यावर. दोन स्टेपन्या, हवेचा पंप, फावडं, आणि टाकी अर्ध्यावर आली की भरायची, पुढच्या पंपाची वाट बघायची नाही. तिथल्या मातीत बेंटोनाइट आहे, पाण्याने फुगणारी चिकणमाती. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती पावसात बुटांना कशी चिकटते ते ज्याला माहीत आहे त्याला वेगळं सांगायला नको, जातकुळी तीच. पाऊस पडला की जिथे आहात तिथेच थांबायचं. पहाटे माती गोठून टणक होते, तेव्हा निघायचं. भर दुपारी हट्टाने गाडी घातली तर चाकं रुततातच, शिवाय रस्त्याला चर पडतात आणि ते पुढे रँचवाल्याला वर्षभर निस्तरावे लागतात. फाटकाचंही तेच: उघडं दिसलं तर उघडं ठेवा, बंद दिसलं तर बंद करा. रँचवाले बाहेरच्या माणसाची पारख यावरूनच करतात, हे तुम्ही तीनदा सांगितलंत.

जनावराबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते आम्हाला कुठे वाचायला मिळालं नव्हतं. प्राँगहॉर्न खरं तर अँटिलोप नव्हेच, त्याच्या कुळातला तो एकटाच उरलेला. शिंगावरचं आवरण दरवर्षी गळतं आणि नवं येतं. ताशी 55 मैलांच्या आसपास पळतो, पण कुंपणावरून उडी मारायचं टाळतो, खालच्या तारेखालून सरपटतो. कुंपणाच्या कडेने चालत जा, खालच्या तारेला पांढरे-तपकिरी पोकळ केस अडकलेले दिसले की समजा ही रोजची वाट. अशा जागेपासून दोनशे यार्डांवर, वारा तोंडावर घेऊन बसलेला माणूस दिवसभर गाडी फिरवणाऱ्याच्या पुढे असतो.

आणि त्याचे डोळे! मैलभरावरून गाडी दिसली तरी तो चरत राहतो. गाडी थांबली की मात्र पळतो. म्हणून थांबायचं नाही. त्याच वेगाने पुढे जायचं, टेकाड आडवं आलं की तिथे गाडी लावायची आणि ओघळीतून वळसा घालून चालत यायचं. शेवटचे शंभर यार्ड गुडघ्यांवर. जमिनीलगत निवडुंग असतं, तेव्हा चामड्याचे हातमोजे आणि गुडघ्याच्या पट्ट्या हव्यातच. उन्हात माळावर हवा थरथरते आणि दुर्बिणीतलं चित्र तरंगतं, शिंगं मोठी भासतात. शिंगाची लांबी कानाशी ताडून बघायची. कान साधारण सहा इंचांचा, शिंग त्याच्या दुपटीहून बरंच पुढे गेलं तर नर चांगला. मादीचा परवाना असेल तर शिंगांवर जाऊच नका, कारण माद्यांनाही छोटी शिंगं असतात. गालावरचा काळा पट्टा बघायचा, तो नराला असतो. नवखे चुकतात ते इथेच.

नेमाबाबत तुमच्याइतकं कडक कुणी बोललं नाही. रायफलीचा नेम 200 यार्डांवर बरोबर बसेल असा लावून घ्या. मग .243 सारख्या रायफलीची गोळी 300 यार्डांवर सात इंच खाली येते. पण घात करतो तो वारा. ताशी 15 मैलांच्या आडव्या वाऱ्यात 300 यार्डांवर गोळी जवळजवळ फूटभर सरकते, आणि छातीतली मर्माची जागा जेमतेम आठ इंचांची. मधोमध नेम धरलात तरी चार इंचांपलीकडे गोळी पोटात जाते. म्हणून वारा असेल तर 200 च्या आत जा, नाही जमलं तर उठून परत या. सेजची झुडपं आडवी येतात, त्यामुळे झोपून गोळी घालता येत नाही. बसून रायफल टेकवता येईल अशी उंच काठी घेऊन घरीच सराव करा. टेबलावरचा सराव माळावर कामाला येत नाही.

आता काकू, तुमच्याबद्दल.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथे दुपारी चांगलंच ऊन तापतं. प्राँगहॉर्नचे केस पोकळ असतात, थंडीत ते त्याला जगवतात. मेल्यावर तेच केस अंगातली ऊब कोंडून ठेवतात आणि मांस आतून नासतं. ‘त्याचं मांस उग्र लागतं’ असं म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा कातडं काढायला उशीर केलेला असतो. तासाभरात कातडं उतरवायचं. केसांना लागलेला हात मांसाला लावायचा नाही, अगदी सोवळ्यासारखं. तुकडे मलमलीच्या पिशव्यांत घालून सावलीत वारा खाऊ द्यायचा आणि मग बर्फ. परवान्याची चिठ्ठी सही-तारीख घालून जागेवरच लावायची, नर-मादी ओळखू येईल असा पुरावा मांसाला तसाच ठेवायचा, हे काकांनी आधीच पाठ करून घेतलं होतं. बर्फाचा विचार आम्ही केला नव्हता. पंपावरून खड्यांच्या पिशव्या घेऊ, एवढंच डोक्यात होतं. खडे दुपारपर्यंत वितळतात, मांस पाण्यात बसतं, पांढुरकं पडतं आणि चव जाते.

तुमच्या दारात आलो तेव्हा पायरीवर दुधाचे आठ रिकामे कॅन पाण्याने भरून, गोठवून ठेवलेले होते. गॅलनचे. वर चार बोटं जागा सोडलेली, कारण पाणी गोठताना फुगतं आणि गच्च भरलेला कॅन फुटतो. एकेकाला जुन्या सुती पातळाचा तुकडा गुंडाळलेला, म्हणजे कॅनला बाहेरून सुटलेलं पाणी पेटीत सांडू नये. फ्रीझरवर एकदम भार नको म्हणून तुम्ही ते दोन-दोन करून गोठवले होते, म्हणजे आम्ही निघायच्या कितीतरी दिवस आधीपासून.

त्या फ्रीझरमध्ये एरवी काय असतं ते आम्हाला काकांनी नंतर सांगितलं. खवलेला नारळ, तुरीचे दाणे, गवार, डेन्व्हरला चार तास गाडी चालवून आणलेलं महिनाभराचं सामान. ते सगळं तुम्ही शेजारच्या बाईंच्या फ्रीझरमध्ये हलवलंत. तुमच्या गळ्यात तुळशीची माळ. नवरात्राचे दिवस, देव्हाऱ्यात घट बसलेला. ‘मांस माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही,’ तुम्ही स्पष्ट सांगितलंत, ‘पण जनावर मारणार असाल तर ते वाया जाता कामा नये. बर्फ घेऊन जा.’

काकू, हे वाक्य आमच्याबरोबर माळावर आलं. आपल्याकडे काळवीट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, रेहेकुरीच्या माळावर त्याला राखलंय, आणि ते तसंच राहायला हवं. अमेरिकेतली वाट वेगळी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्राँगहॉर्न नामशेष व्हायच्या बेतात आला होता. परवान्यांच्या पैशातून आणि 1937 पासून बंदुका-गोळ्यांवरच्या करातून त्याला पुन्हा वाढवलं गेलं. 2022-23 च्या कडक हिवाळ्यात पश्चिम वायोमिंगमधले कळप कोसळले तेव्हा परवाने कापले गेले. हे सगळं आम्ही लोकांना समजावून सांगत आलो. तुम्ही वाद घातला नाहीत. तुम्हाला ही शिकार आवडत नाही, हे तुमच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि तरी तुम्ही फ्रीझर रिकामा केलात. ज्यांनी पैसे घेऊन फोन बंद केला त्यांना आमची शिकार मान्य होती. तुम्हाला नव्हती. माणुसकी मतं जुळण्यावर अवलंबून नसते, हे आम्ही तुमच्या पायरीवर पाहिलं.

कॅनचा हिशेब देतो. एका जनावराला एक मधली पेटी आणि तीन कॅन पुरले. दोन जनावरांचे सहा झाले, उरलेले दोन प्यायच्या पाण्याचे. तिसऱ्या दिवशी सकाळी पेटी उघडली तेव्हा प्रत्येक कॅनमध्ये मुठीएवढा बर्फ शिल्लक होता, तळ कोरडा होता आणि मांस लालबुंद. हाडं काढून एकेका जनावराचं पस्तीस-चाळीस पौंड भरलं. काहीही टाकलं नाही.

आठही कॅन गरम पाण्याने धुऊन गॅलरीत उपडे वाळत घातलेत. पातळाचे तुकडे दोनदा धुतले, घड्या करून वेगळ्या पिशवीत ठेवलेत. एका कॅनचं निळं झाकण माळावर हरवलं, त्याला दुसरं बसवलंय. दिवाळीच्या शनिवारी आम्ही तिघं येतोय. येताना डेन्व्हरहून बारा नारळ आणतो. खवायला आम्हीच बसू. तुम्ही फक्त विळी काढून ठेवा.

तुमचे,
तिघं