बाबांच्या रिळांविषयी

ती. आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही "बघू पुढे" एवढेच म्हणालात आणि फोन आईच्या हाती दिलात, तेव्हाच माझे म्हणणे तुम्हाला रुचले नसल्याचे लक्षात आले. फोनवर मी नेहमीच तुटक बोलते, म्हणून सविस्तर लिहिते आहे. तपासून घेण्यासाठी नेलेली तुमची जुन्या मूकपटांची १६ मिलिमीटरची रिळे मी आता घरी परत आणणार नाही. ती चित्रपट-संग्रहालयाच्या थंड, कोरड्या कोठारात राहतील. मालकी तुमचीच राहील, डब्यांवर नाव तुमचेच असेल आणि तुम्ही म्हणाल तेव्हा ती पाहायला मिळतील, हे मी लेखी घेतले आहे.

रिळांच्या कपाटातून व्हिनेगरसारखा वास येतो, असे आई कितीतरी वर्षे सांगते आहे आणि डबे पुसण्याच्या औषधाला तुम्ही उगाच दोष देत आला आहात. तो वास फिल्मचाच आहे. ॲसिटेटची फिल्म जुनी झाली की तिच्यातून ॲसेटिक आम्ल सुटू लागते, तेच आम्ल फिल्मला आणखी वेगाने खाते आणि शेजारच्या चांगल्या रिळालाही लागण होते. उष्णता आणि दमटपणा मिळाला, की विचारायलाच नको. तपासणाऱ्या बाईंनी प्रत्येक डब्यात आम्लता ओळखणारी निळी कागदी पट्टी ठेवली होती. बहुतेक डब्यांतल्या पट्ट्या हिरवट झाल्या, पण बस्टर कीटनच्या 'जनरल' या मूकपटाच्या डब्यातली साफ पिवळी पडली होती. मग त्यांनी त्या फिल्मचा तुकडा नव्या फिल्मवर ठेवून दाखवला: सुरुवातीची भोके एकमेकांवर बरोबर बसत होती, पण वीतभर पुढे गेल्यावर ती सरकलेली दिसू लागली, इतकी फिल्म आकसली आहे. ती प्रोजेक्टरवर चढवली असती तर त्याच्या दातांनी कडा फाडत नेल्या असत्या. शिवाय ते कपाट तुमच्या उशाशी आहे. रात्रीच्या खोकल्याचे कारण तेच, असे डॉक्टर म्हणालेले नाहीत, मीही म्हणत नाही. पण तो वास छातीत घेऊन झोपायचे काही कारण नाही, इतके तरी तुम्ही मान्य कराल.

नेमका 'जनरल'च निघावा, याचे मलाही फार वाईट वाटले. इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर बस्टर कीटन खिन्न होऊन बसतो, इंजिन चालू लागते, दांडा त्याला वर-खाली नेत राहतो आणि त्याचा त्याला पत्ताच नसतो. त्या वेळी तुम्ही मला मांडीवर घेऊन तसेच वर-खाली करायचात. पडद्यावरचे मी पाहत होते की नाही, देव जाणे, पण पुढे तो प्रसंग जितक्या वेळा पाहिला तितक्या वेळा माझे गुडघे आपोआप हलले आहेत. ते रीळ आता यंत्रावर चालणार नसले, तरी त्याची एकेक चौकट स्वतंत्रपणे टिपता येते, म्हणून स्कॅनिंगच्या यादीत त्याचा क्रमांक पहिला लावून घेतला आहे.

"आपली रिळे म्हणजे घरी दाखवण्यासाठी काढलेल्या प्रती, त्यांचे संग्रहालयाला काय होय?" असे तुम्ही विचारलेत. त्यांत काही दुर्मीळ आहे, असा माझा दावा नाही. पण 'मेट्रोपोलिस' या जर्मन मूकपटाचा १९२७ पासून कापला गेलेला, जवळपास २५ मिनिटांचा भाग २००८ मध्ये ब्यूनोस आयरेसच्या संग्रहालयात सापडला, तो १६ मिलिमीटरच्याच ओरखडलेल्या प्रतीत, आणि दिग्दर्शक ड्रायरच्या 'जोन ऑफ आर्क' या मूकपटाची मूळ आवृत्ती १९८१ मध्ये ओस्लोच्या मनोरुग्णालयातल्या कपाटात निघाली, हे मला तुम्हीच सांगितले आहे. अमेरिकेतल्या सुमारे ७० टक्के पूर्ण लांबीच्या मूकपटांची एकही प्रत आज कुठे उरलेली नाही. अशा वेळी कोणाच्या घरच्या डब्यात काय शिल्लक आहे, ते उघडून नीट पाहिलेले बरे. फ्रेंच चित्रपटकार मेलिएसने १९२३ मध्ये वैतागून आपल्या चित्रपटांची निगेटिव्ह स्वतःच जाळली. तुमचा राग तेवढा नाही, अशी मला आशा आहे.

गतीची काळजी मुळीच करू नका. संथ गतीचे मूकपट सेकंदाला चोवीस चौकटींच्या गतीने पळवले म्हणून त्या काळची माणसे तुरुतुरु धावत असत असा लोकांचा समज झाला, हे तुमचे व्याख्यान मी त्या बाईंनाही ऐकवले (त्यांना ते अर्थातच ठाऊक होते). स्कॅन केलेली प्रत पाहताना सोळा, अठरा, हवी ती गती ठेवता येईल. निळ्या रंगात रंगवलेली रात्र आणि पिवळसर दिवस जिथे आहेत, तिथे तेही रंग तसेच टिपले जातील. आई, तुझ्यासाठी तर हे फारच सोयीचे आहे. चित्रांच्या मधे येणाऱ्या पाटीवरचा मजकूर वाचून होईपर्यंत चित्र थांबवता येईल, आणि बाबांना उसासे टाकायला जागा उरणार नाही. मी पुढच्या खेपेला येईन तेव्हा मोठ्या पडद्यावर सगळे लावून देईन. तुम्हाला एकच बटण दाबावे लागेल आणि त्यावर मी लाल टिकली चिकटवीन. प्रोजेक्टर घरातच राहील, त्याला कोणी हात लावणार नाही. त्याच्या खरखरीशिवाय तुम्हाला चुकल्यासारखे होईल, याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. वाटल्यास फिल्म न चढवता तो नुसता चालू ठेवा.

आता जरा माझे ऐका. तो प्रोजेक्टर बाबांनी एकट्याने उचलायचा नाही. माळ्यावर राहिलेले दोन डबे काढायला स्टुलावर चढायचे नाही, ते मी आल्यावर काढीन. कपाट रिकामे झाले आहे, तेव्हा त्याची दारे आणि खोलीची खिडकी आठवडाभर उघडी ठेवा. आई, खोकला थांबला नाही तर बाबांचे "काही नाही गं" न ऐकता त्यांना डॉक्टरांकडे ने, आणि तुझ्या डोळ्यांची तपासणीही पुढे ढकलू नकोस.

आणखी एक काम आहे, आणि ते बाबांशिवाय कोणालाच जमणार नाही. डब्यांवरच्या चिठ्ठ्या पुसट झाल्या आहेत. कोणत्या डब्यात काय आहे, कोणते रीळ कुठे तुटले होते आणि तुम्ही ते कुठे जोडले, कोणत्या चित्रपटाचा शेवट दुसऱ्याच डब्यात आहे, हे सगळे आठवेल तसे लिहून काढा. डब्यांचे फोटो मोठे छापून सोबत पाठवते आहे. तुमचे अक्षर आईखेरीज कोणाला लागत नाही, म्हणून आई, तू ते स्वच्छ उतरवून काढ आणि कागद माझ्याकडे पाठव. यादी मिळाल्याशिवाय संग्रहालयवाले स्कॅनिंग सुरू करणार नाहीत.

तुमची,
धाकटी