ज्यांनी कॅसेटवर तिथी लिहिल्या, त्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आईच्या घरचा माळा आवरताना बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा हाती लागला आणि त्यात तुम्ही भरून दिलेल्या पाच कॅसेट जशाच्या तशा निघाल्या. एकाही कॅसेटवर बँडचे नाव नाही आणि गाण्यांची यादीही नाही. तुमच्या तिरप्या निळ्या अक्षरांत फक्त ‘नवरात्र’, ‘कोजागिरी’, ‘भाऊबीजेनंतर’, ‘किरणोत्सव’ आणि ‘गळीत’ एवढेच लिहिलेले आहे. या कॅसेटचे पैसे तुम्ही त्या वेळी घेतले नाहीत आणि मीही नीट आभार मानले नाहीत. ती बाकी फेडण्यासाठी हे पत्र उघडपणे लिहीत आहे, कारण कोल्हापुरात महाद्वार रोडच्या बोळातल्या तुमच्या दुरुस्तीच्या दुकानातल्या बाकावर बसून गेलेले माझ्यासारखे आणखी काही जण हे वाचतील अशी आशा आहे.

१९९३ सालच्या सप्टेंबरात मी पहिल्यांदा तुमच्याकडे आलो तो मित्राची उसनी कॅसेट घेऊन. आमच्या टेपरेकॉर्डरने ती खाल्ली होती आणि चोळामोळा झालेली टेप बाहेर लोंबत होती. तुम्ही एक शब्द न बोलता पाच बारीक स्क्रू काढले, वीतभर खराब टेप ब्लेडने तिरकी कापली, दोन टोके चिकटपट्टीने जोडली आणि निसटलेला प्रेशर पॅड, म्हणजे पातळ पत्तीवरचा फेल्टचा तो इवलासा चौकोन, चिमट्याने पुन्हा बसवला. तुमचे हे काम चालू असताना मागे कोणते तरी संथ, जडशीळ गाणे वाजत होते आणि त्यातल्या वाद्यवृंदाने माझे लक्ष वेधून घेतले. हे व्हायोलिन कोण वाजवते, असे मी विचारल्यावर तुम्ही मान वर न करता म्हणालात, “व्हायोलिन न्हवं रं, टेप हाय ती.”

ते किंग क्रिमसन या इंग्लिश रॉक बँडचे ‘एपिटाफ’ होते, आणि ते वाद्य मेलोट्रॉन. एके काळी बर्मिंगहॅमला तयार होणाऱ्या या पेटीत प्रत्येक पट्टीखाली टेपची एक स्वतंत्र फीत असते, तिच्यावर खऱ्या व्हायोलिनचा किंवा बासरीचा एकेक स्वर मुद्रित केलेला असतो, आणि पट्टी दाबली की असाच एक फेल्टचा पॅड ती फीत स्वर वाचणाऱ्या हेडवर टेकवतो, हे तुम्ही माझ्याच कॅसेटचा पॅड दाखवून समजावलेत. फीत जेमतेम आठ सेकंदांची असते; त्याआधी बोट उचलावे लागते, नाहीतर स्वर संपतो, आणि बोट उचलले की फीत मागे खेचली जाते. मोटरची गती किंचित कमीजास्त होत असल्यामुळे त्या स्वरांत एक कापरेपण येते. त्या काळच्या इंग्लिश प्रोग्रेसिव्ह रॉकला, म्हणजे लांबलचक रचनांच्या प्रयोगशील रॉकला, जो ओलसर, मावळता रंग आहे, त्याचा निम्मा तरी भाग या यांत्रिक दोषातून आला आहे, हे मला आजवर वाचलेल्या कोणत्याही समीक्षेपेक्षा तुमच्या बाकावर लवकर आणि नीट समजले. त्या दुपारी मी घरी गेलो तेव्हा मित्राची कॅसेट दुरुस्त झाली होती, पण ती परत करायचे मी आठवडाभर विसरून गेलो.

हे संगीत शरदात ऐकायचे, हे तुमचे म्हणणे मात्र मला बऱ्याच उशिरा पटले. इंग्रज लोक ज्याला ऑटम म्हणतात त्यात पाने गळतात. आपल्याकडे पानगळ शिशिरातली, माघ-फाल्गुनातली. आश्विनात कोल्हापूर उलट हिरवेगार असते, दुपारी ऊन चटके देते आणि परतीचा पाऊस संध्याकाळी अचानक झोडपून जातो. मग हे संगीत इथे ऐकायचे कधी? तुमचे उत्तर असे होते की पाने बघू नयेत, उजेड बघावा; ऊन तिरपे व्हायला लागले की ही कॅसेट लावावी. बँडची नावे पुसून तुम्ही तिथी लिहिल्या त्या यासाठी.

‘नवरात्र’ म्हणजे १९६९ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झालेला ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग’. अल्बम चव्वेचाळीस मिनिटांचा, म्हणजे नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूवर जेमतेम मावणारा, आणि दुसऱ्या बाजूवर तुम्ही तोच पुन्हा भरला होता, म्हणजे रिवाइंड करण्याच्या निमित्ताने कोणी उठू नये. “उठायचं न्हाई मधी,” हा तुमचा नियम होता, आणि त्यासाठीच एका बाजूला एक अल्बम. त्यातल्या ‘मूनचाइल्ड’ या बारा मिनिटांच्या गाण्यात पहिल्या अडीच मिनिटांनंतर वादक नुसते चाचपडत, कुजबुजल्यासारखे वाजवत राहतात. तो भाग मी चोरून पुढे ढकलत असे. आज कबूल करतो, आणि तो लांबला आहे हे माझे मत अजूनही तसेच आहे.

‘कोजागिरी’ला कॅमलचा ‘द स्नो गूज’, १९७५ सालचा. पॉल गॅलिको यांच्या कथेवर तो बेतलेला, पण लेखकाचा विरोध असल्यामुळे बँडला शीर्षकाआधी ‘वरून स्फुरलेले संगीत’ अशा अर्थाचे शब्द घालावे लागले. त्यात गीत म्हणून एक शब्दही नाही. अँड्र्यू लॅटिमर यांची बासरी आणि गिटारच गोष्ट सांगतात. आम्ही चौघे मित्र रंकाळ्याच्या काठावर मसाला दुधाचा थर्मास आणि बॅटरीवरचा टेपरेकॉर्डर घेऊन बसलो होतो. दूध लवकर संपले आणि सेल त्याहून लवकर.

‘भाऊबीजेनंतर’ ही कॅसेट माझ्या मनाला सर्वांत जास्त लागली. दिवाळीची पाहुणेमंडळी पुण्या-मुंबईच्या गाड्यांत बसून गेली की घरात चकलीचे तुकडे उरलेला डबा आणि विझलेले आकाशकंदील एवढेच राहते, आणि अशा दिवसासाठी तुम्ही पिंक फ्लॉइडचा ‘विश यू वेअर हिअर’ राखून ठेवला होता. आजारपणामुळे बँडपासून दुरावलेल्या सिड बॅरेटची उणीव हा त्याचा एक मुख्य विषय. १९७५ च्या जूनमध्ये ध्वनिमुद्रण चालू असताना तो स्वतः स्टुडिओत आला आणि जुन्या मित्रांना आधी ओळखूच आला नाही, हे तुम्ही सांगितलेत तेव्हा मला ती निव्वळ दंतकथा वाटली होती. पुढे ती खरी असल्याचे वाचले. अल्बमच्या आरंभी गिटारचे ते चार स्वर येण्याआधी किती वेळ नुसता की-बोर्डचा धुरकट पडदा असतो, हे रिकाम्या घरात बसूनच ऐकावे.

‘गळीत’बद्दल थोडक्यात सांगतो. जेथ्रो टलचा ‘हेवी हॉर्सेस’ खरे तर १९७८ च्या एप्रिलमधला, पण त्याच्या शीर्षकगीतात ट्रॅक्टर आल्यावर शेतातून हद्दपार झालेल्या शायर, क्लाइड्सडेल जातीच्या अवजड घोड्यांची आठवण आहे, आणि तुम्ही तो ऊसतोडणी सुरू झाल्यावर ऐकायला सांगितलात. कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगेत एखादी बैलगाडी मान खाली घालून चाललेली दिसली की अजूनही त्या बँडच्या इयन अँडरसनची बासरी माझ्या डोक्यात सुरू होते.

आता मुख्य गोष्ट. ‘किरणोत्सव’ या कॅसेटवर जेनेसिसचा ‘विंड अँड वदरिंग’ होता, १९७६ च्या डिसेंबरातला, गिटारवादक स्टीव्ह हॅकेटचा त्या बँडबरोबरचा शेवटचा स्टुडिओ अल्बम. ‘ब्लड ऑन द रूफटॉप्स’च्या आरंभी तो नायलॉनच्या तारांच्या गिटारवर जे एकट्याने वाजवतो, त्यासाठी मी बाकीचा सगळा अल्बम माफ करतो. त्यानंतरच्या दोन वाद्यरचनांची नावे एमिली ब्राँटे यांच्या ‘वदरिंग हाइट्स’ कादंबरीच्या अखेरच्या वाक्यातून घेतलेली आहेत. अल्बम मात्र जवळपास एक्कावन्न मिनिटांचा आणि कॅसेटची बाजू पंचेचाळीस मिनिटांची. एका बाजूला एक अल्बम हा नियम तुम्ही इथेही मोडला नाहीत, त्यामुळे दुसरी वाद्यरचना ऐन भरात आली की टेप खट्कन थांबायची. कित्येक दिवस मी तोच शेवट समजत होतो, आणि कसा धाडसी शेवट आहे म्हणून मित्रांना ऐकवतही होतो.

पुढच्या वर्षी ११ नोव्हेंबरला किरणोत्सव पाहायला आपण दोघे अंबाबाईच्या देवळात उभे होतो. मावळतीची किरणे महाद्वारातून आत आली. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत जाण्याचा त्यांचा क्रम, पण त्या संध्याकाळी पश्चिमेला ढग आले आणि ती वाटेतच विरली. गर्दी हळहळत पांगली. बाहेर आल्यावर तुम्ही खिशातून सहावी कॅसेट काढून माझ्या हातात ठेवलीत. तिच्यावर काहीच लिहिलेले नव्हते आणि तिच्यात एकच गाणे होते, चार मिनिटांचे: ‘आफ्टरग्लो’. ‘विंड अँड वदरिंग’चा खरा शेवट तो. सूर्य बुडाल्यावर आकाशात रेंगाळणाऱ्या उजेडाला इंग्रजीत तो शब्द आहे, एवढेच सांगून तुम्ही चपला शोधायला गेलात. नियम मोडला नाही आणि गाणेही माझ्यापर्यंत पोचवलेत; वर्षभर थांबून पोचवलेत. त्याबद्दल, आणि गाणे मधेच न सोडता बसून राहायला शिकवल्याबद्दल, मी तुमचा मनापासून ऋणी आहे.

आता हे सगळे अल्बम फोनवर सापडतात, पूर्ण सापडतात. तरीही ‘विंड अँड वदरिंग’ ऐकताना पंचेचाळिसाव्या मिनिटाला माझा हात आपोआप बटणाकडे जातो.

डब्यात ती सहावी कॅसेटही सापडली, पण तिचा प्रेशर पॅड निसटला आहे. दुकान तुम्ही बंद केले हे मला ठाऊक आहे; चिमटा आणि स्पिरिटची बाटली मात्र तुम्ही कोणाला दिली नसेल अशी खात्री वाटते. येत्या रविवारी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, येतो.

आपला नम्र,
बाकाच्या डाव्या टोकाला बसणारा विद्यार्थी